आवाजाचा दर : नागपूर केंद्र, कोराडी आणि ध्वनिक्षेपणातील स्त्रिया

ध्वनिक्षेपणाच्या व्यवसायात स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी मोबदला मिळतो, ही तक्रार इंग्लंडसारख्या देशांत आकडे पुढे ठेवून मांडली गेली. महाराष्ट्रात मात्र तिला आकड्याचा आधार फारसा मिळाला नाही, आणि याचे कारण येथे विषमता नव्हती हे नसून ती दरपत्रकात लिहिलेली नव्हती हे आहे. सरकारी नभोवाणीत गायकाची श्रेणी एकदा ठरली की त्या श्रेणीचे मानधन स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच असे, आणि निवेदकाच्या एका पाळीच्या दरातही बाई-बुवा असा भेद नसे. फरक पडे तो दराच्या अलीकडे आणि पलीकडे : स्टुडिओच्या दारातून कोणाला आत घ्यायचे, आत घेतल्यावर कोणत्या वेळेला व कोणत्या विषयावर बोलू द्यायचे, महिन्यातून किती वेळा बोलवायचे आणि कोणत्या वयापर्यंत बोलवत राहायचे, हे ठरवताना. नागपूर केंद्राचा आणि त्या केंद्राच्या टप्प्यात येणाऱ्या कोराडीसारख्या गावांचा काळ या दृष्टीने पाहिला, तर स्त्रियांचा संताप इतकी वर्षे विखुरलेला का राहिला याचा बराच उलगडा होतो.

ऑल इंडिया रेडिओचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाड या द्वैभाषिक प्रांताची राजधानी होती आणि केंद्राला मराठी व हिंदी अशा दोन्ही श्रोत्यांना सांभाळून घ्यावे लागत होते. नागपूरच्या उत्तरेला, सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे कोराडी हे कामठी तहसिलातील गाव तेव्हा जगदंबेच्या देवस्थानासाठीच ओळखले जाई. त्याचे जुने नाव जाखापूर असल्याचे सांगतात. गावात रेडिओ संच असलेच तर मोजक्या घरी, आणि त्या संचासाठी पोस्टात दरवर्षी पैसे भरून परवाना घ्यावा लागे. परवाना बहुधा घरातील कर्त्या पुरुषाच्या नावे निघे, त्यामुळे नभोवाणीच्या दप्तरी ‘श्रोता’ म्हणून ज्याची नोंद होई तो पुरुष असे आणि दुपारच्या वेळी घरात प्रत्यक्ष ऐकणारी मात्र बाई असे. १९७४ मध्ये कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा १२० मेगावॉट क्षमतेचा पहिला संच सुरू झाला, पाठोपाठ आणखी संच उभे राहिले, कर्मचाऱ्यांची वसाहत वसली, आणि रेडिओ ही चैनीची वस्तू न राहता स्वयंपाकघरातल्या फळीवरची नित्याची वस्तू झाली. नागपूरचे मध्यलहरींवरील प्रक्षेपण या साऱ्या पट्ट्यात स्वच्छ ऐकू येई.

या मध्यलहरींचा आणि स्त्रियांविषयीच्या एका जुन्या समजुतीचा जवळचा संबंध आहे. बाईचा आवाज ‘किनरा’ असतो, रेडिओवर तो कानाला टोचतो, गंभीर मजकूर तिच्या तोंडी शोभत नाही, असे नभोवाणीच्या पहिल्या दशकांत सर्रास बोलले जाई. बीबीसीने जुलै १९३३ मध्ये शीला बॉरेट यांना निवेदिका म्हणून नेमले आणि श्रोत्यांच्या तक्रारींचा पाऊस पडताच काही महिन्यांतच त्यांना त्या कामावरून दूर केले. तक्रार करणाऱ्यांत स्त्रियाच अधिक होत्या असेही तेव्हा सांगितले गेले, ज्यामुळे व्यवस्थापनाला हात झटकणे सोपे झाले असावे. या समजुतीच्या मुळाशी थोडे तंत्रही होते. मध्यलहरींवर शेजारच्या दोन केंद्रांत नऊ-दहा किलोहर्ट्‌झइतकेच अंतर ठेवले जाते, त्यामुळे एका केंद्राच्या वाट्याला साडेचार-पाच किलोहर्ट्‌झपर्यंतच्याच ध्वनिकंपनांचे वहन येते आणि त्यापलीकडचा आवाज छाटला जातो. ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या वर्णांतील घर्षणाचा मोठा भाग नेमका या छाटलेल्या पट्ट्यात पडतो, आणि स्त्रियांच्या उच्चारात तो पुरुषांच्या तुलनेत आणखी वरच्या कंपनांवर असल्यामुळे त्यांच्या आवाजाची हानी अधिक होते. सुरुवातीचे ध्वनिग्राहकही पुरुषी आवाज समोर ठेवूनच जोखले गेले. म्हणजे यंत्राच्या मर्यादेचे खापर बाईच्या गळ्यावर फुटले. पंधरा किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज वाहून नेणारे एफएम प्रक्षेपण पुढे घरोघरी पोचले तेव्हा ही सबब तांत्रिकदृष्ट्या निकालात निघाली. ‘भारदस्त आवाज’ म्हणजे खर्जातला पुरुषी आवाज, ही आवड मात्र त्यानंतरही टिकून राहिली.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर होता, आणि तो इंग्लंडमधील पदरापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा होता. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा ध्वनिमुद्रित व ध्वनिक्षेपित संगीतात स्त्रियांना आणण्यासाठी कोणाला चळवळ करावी लागली नव्हती, कारण त्या तेथे आधीपासूनच होत्या. १९०२ मध्ये गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या तेव्हापासून ग्रामोफोन कंपन्यांच्या याद्यांत सर्वाधिक खपणारी नावे बहुधा स्त्री-कलावंतांचीच असत, आणि बैठकीच्या बिदागीतही नामांकित गायिका पुरुष गवयांच्या मागे नव्हत्या. महाराष्ट्र व गोवा या पट्ट्यातील केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर यांच्या पिढीने आपल्या कलेची किंमत स्वतः ठरवलेली होती. हिराबाईंनी तर तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचा प्रघात स्त्रियांसाठी रूढ केला. त्यामागे केवळ धिटाई नव्हती, तर यजमानाच्या मर्जीऐवजी तिकिटाच्या दरावर उभे राहण्याचा स्पष्ट व्यवहार होता. याच हिराबाईंनी नाटक मंडळी काढून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याची वाट रुंद केली, तीही बालगंधर्वांची जादू ओसरलेली नसताना. मोबदल्याच्या बाबतीत स्त्रीने पुरुषाच्या बरोबरीला यावे अशी मागणी करण्याची वेळ या गायिकांवर आलेली नव्हती; काही जणी बरोबरीच्या पुढे होत्या.

नभोवाणी सरकारी झाली आणि हे चित्र उलटले. १९४६ च्या हंगामी सरकारात माहिती व नभोवाणी हे खाते सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे असताना, ज्यांचे खासगी जीवन ही लोकनिंदेची बाब झाली आहे अशा कलावंतांना नभोवाणीवर कार्यक्रम देऊ नये, असे धोरण ठरले. शब्दांत स्त्री-पुरुष असा भेद नसला तरी त्याचा रोख कोणावर होता हे सर्वांना कळत होते, कारण पुरुष गवयाच्या खासगी आयुष्याची चौकशी करण्याची पद्धत समाजातही नव्हती आणि खात्यातही नव्हती. ज्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी गाणे सांभाळले त्या घराण्यांतील कित्येक जणींना आपण ‘विवाहित’ किंवा ‘कुलीन’ असल्याचा दाखला जणू गळ्याच्या आधी द्यावा लागला. १९५२ मध्ये हे खाते पुण्याचे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले आणि पुढची दहा वर्षे त्यांच्याकडे राहिले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची तळमळ खरी होती, चित्रपटगीतांवरचा त्यांचा राग तर प्रसिद्धच आहे. मात्र संगीत हे दरबार आणि कोठी यांच्या तावडीतून सोडवून विद्यालयांतील सुशिक्षितांच्या हाती द्यावे, ही त्यांची दृष्टी त्या गायिकांना अनुकूल नव्हती, ज्यांचे शिक्षण कोणत्याही विद्यालयात झालेले नव्हते. त्यांच्याच काळात ध्वनिचाचणी मंडळे पक्की झाली. ध्वनिचाचणी म्हणजे परीक्षकांनी कलावंताला ऐकून त्याची श्रेणी ठरवणे. ‘बी’, ‘बी-हाय’, ‘ए’ आणि सर्वोच्च ‘टॉप’ अशा या श्रेणी असत, आणि प्रत्येक श्रेणीचे मानधन निश्चित असे. येथपासून पुढे कागदोपत्री समानता आली. दर सारखा झाला. फक्त त्या दरापर्यंत पोचण्याआधी जी चाळणी लागली होती तिची नोंद दरपत्रकात राहिली नाही.

हार्मोनियमचे उदाहरण येथे अगदीच अस्थानी ठरणार नाही. नभोवाणीने मार्च १९४० मध्ये पेटीला स्टुडिओबाहेर काढले आणि १९७१ मध्ये काही अटींवर तिला परत घेतले. या एकतीस वर्षांवर लेख लिहिले गेले, परिसंवाद झाले, पेटीवादकांनी गाऱ्हाणी मांडली. पेटीच्या जाण्याची आणि येण्याची निदान तारीख सांगता येते.

स्टुडिओत ज्या स्त्रियांना मान्यता मिळाली त्यांच्यासाठी कामाचे वेगळे दालन आखले गेले. मुंबई केंद्रावरचे ‘वनिता मंडळ’ हे त्याचे मराठीतील सर्वांत परिचित रूप : दुपारची जेवणे आटोपल्यानंतरची वेळ, पाककृती, बालसंगोपन, विणकाम, मुलाखती आणि मधूनच एखादे चांगले भाषण. या कार्यक्रमांनी किती लेखिका घडवल्या आणि किती एकाकी दुपारी सुसह्य केल्या याचा हिशेब मोठा आहे, त्यामुळे त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. तरीही विदर्भाच्या वाचकाला एक उदाहरण खटकावे असे आहे. अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपुरात इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक राहिलेल्या कुसुमावती देशपांडे या ‘पासंग’ व ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लिहिणाऱ्या, मराठी समीक्षेतील पहिल्या प्रतीच्या अभ्यासक होत्या, १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या अधिवेशनात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. केसकरांच्या कारकिर्दीत नामवंत लेखक-कलावंतांना निर्माते म्हणून नभोवाणीत आणण्याची योजना झाली, त्या काळात कुसुमावतीबाईही आकाशवाणीत गेल्या, आणि त्यांच्याकडे आले ते स्त्रियांच्या व मुलांच्या कार्यक्रमांचे काम. त्यांनी ते मनापासून केले असणार. पण कादंबरीच्या शतकाचा धांडोळा घेणाऱ्या विदुषीच्या वाट्याला साहित्यविभाग न येता महिला-बाल विभाग यावा, यात त्या काळच्या कोणालाही काही वावगे वाटले नाही, हीच यातली सांगण्यासारखी गोष्ट आहे.

वृत्तनिवेदनात परिस्थिती थोडी निराळी होती. सईदा बानो १९४७ मध्ये दिल्लीहून उर्दू बातम्या वाचू लागल्या तेव्हा त्यांना कौतुकाबरोबर शिव्याशापांची पत्रेही आली. पुढच्या काळात मात्र मराठी बातम्यांशी दिल्लीच्या कुसुम रानडे आणि पुण्याच्या सुधा नरवणे यांचे आवाज इतके एकरूप झाले की स्त्रीने बातम्या वाचणे ही मराठी श्रोत्याला नवलाई राहिली नाही. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. वृत्तनिवेदिका ही बातमी वाचणारी असते. कोणती बातमी घ्यावी, कोणती आधी लावावी, हे ठरवणारा वृत्तसंपादक असतो, आणि त्या खुर्चीवर स्त्री दिसायला पुढे बराच काळ जावा लागला. नाट्यविभागातही ‘पुन्हा प्रपंच’मधील मीनावहिनींच्या भूमिकेने नीलम प्रभू यांचा आवाज घराघरांत पोचवला, परंतु लोकप्रियतेप्रमाणे मानधन वाढावे अशी सोय सरकारी दरपत्रकात नव्हतीच, स्त्रीसाठी नव्हती तशी पुरुषासाठीही नव्हती. खेळाचे धावते वर्णन तर दीर्घकाळ पुरुषांचेच राखीव कुरण राहिले. नागपुरात जन्मलेल्या कर्नल सी. के. नायडू यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी १९७७ मध्ये इंदूर येथे मुंबई विरुद्ध एमसीसी या सामन्याचे समालोचन केले, तेव्हा क्रिकेटचे समालोचन करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या, आणि त्यांच्यामागून दुसरी येण्यासही बराच काळ लागला.

आवाजाला बाजारभाव आला तो १ नोव्हेंबर १९६७ रोजी, जेव्हा विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या. सेकंदांच्या हिशेबाने प्रक्षेपणाचा वेळ विकला जाऊ लागला. जाहिरातीत बाईचा आवाज आला तो साबण, तेल, मसाले आणि बाळगुटी यांच्याबरोबर. बँक, खते, पंप आणि सिमेंट यांच्यासाठी पुरुषाचा. त्यातही एक लकब ठरून गेली : प्रश्न विचारणारी, गोंधळलेली गृहिणी आणि शेवटी उपाय सांगणारा, समजुतीच्या सुरातला पुरुष. कोराडीच्या वसाहतीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या स्त्रिया दिवसातून कित्येकदा हे नाट्य ऐकत, आणि त्याच वेळी प्रत्यक्षात घराचा, शेताचा, कोळशाच्या धुरात काळ्या पडणाऱ्या कपड्यांचा कारभार कोणाला न विचारता हाकत. १९८२ च्या अखेरीस केंद्र सरकारने नेमलेल्या डॉ. पी. सी. जोशी समितीने दूरदर्शनच्या कार्यक्रमांची तपासणी केली तेव्हा स्त्रीच्या या चित्रणावर कडक शब्दांत टीका झाली. अहवाल १९८५ मध्ये छापून निघाला.

खरा प्रश्न नोकरीच्या प्रकाराचा होता, आणि तेथे थोडे थांबणे भाग आहे. नभोवाणीत निवेदक, वृत्तनिवेदक, वादक, संहितालेखक यांना बराच काळ ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणत. हे लोक रोज कार्यालयात येत, वेळापत्रकाप्रमाणे राबत, पण सरकारी नोकर समजले जात नसत, तर ठरावीक मुदतीच्या करारावर असत. १९८२ मध्ये त्यांना सरकारी सेवक होण्याचा मार्ग खुला झाला, आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. ए. चौधरी प्रकरणात स्टाफ आर्टिस्ट हे शासनाचे नागरी पद धारण करतात असा निर्वाळा दिला. १९८८ मध्ये वाय. के. मेहता प्रकरणात दूरदर्शनच्या स्टाफ आर्टिस्टांना, मुंबईत मुख्यालय असलेल्या फिल्म्स डिव्हिजनमधील समकक्ष कर्मचाऱ्यांइतके वेतन मिळाले पाहिजे, असे त्याच न्यायालयाने ठरवले. ‘समान कामाला समान वेतन’ या तत्त्वाचा ध्वनिक्षेपणातील हा ठळक विजय होता, पण तो दोन खात्यांतील विषमतेवरचा होता. एकाच खात्यातील स्त्री आणि पुरुष यांची तुलना त्यात आली नाही.

तशी तुलना मुंबईतील दुसऱ्या एका प्रकरणात झाली आणि ते प्रकरण ध्वनिक्षेपणाबाहेरचे असूनही येथे महत्त्वाचे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा समान मोबदल्याविषयीचा १०० क्रमांकाचा करारनामा भारताने १९५८ मध्ये मान्य केला, परंतु त्यासाठी कायदा व्हायला १९७५ चा वटहुकूम आणि १९७६ चा समान मोबदला अधिनियम येईपर्यंत वाट पाहावी लागली. मॅकिनन मॅकेन्झी या जहाजवाहतूक कंपनीत पुरुष लघुलेखक आणि ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असे दोन वर्ग होते. काम सारखे, वेतनश्रेणी वेगळी. ऑड्री डिकोस्टा यांनी याला आव्हान दिले आणि मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा बचाव फेटाळला. त्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळे पदनाम काढून कमी पगार देण्याचा जुना डाव उघडा पडला. मात्र हा डाव चालण्यासाठी दोन वेतनश्रेणी शेजारी-शेजारी असाव्या लागतात. आकाशवाणीत त्या नव्हत्या. तेथे एक कायम निवेदक असे आणि त्याच खुर्चीवर, त्याच ध्वनिग्राहकासमोर, दुसऱ्या दिवशी बसणारी एक नैमित्तिक निवेदिका असे.

नैमित्तिक निवेदक, ज्यांना केंद्रात सगळे ‘कॅज्युअल’च म्हणतात, हा वर्ग ध्वनिचाचणी उत्तीर्ण होऊन एका यादीत दाखल होतो आणि त्या यादीतून त्याला पाळीपाळीने बोलावले जाते. महिन्याला साधारण सहापेक्षा अधिक पाळ्या देऊ नयेत असा दंडक राहिला आहे, कारण सलग काम दिले तर कायम नोकरीचा हक्क निर्माण होण्याची भीती प्रशासनाला असते. मिळणारी रक्कम पाळीमागे ठरलेली. रजा, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूतीची सवलत हे प्रश्नच उद्भवत नाहीत. या यादीत स्त्रियांचा भरणा मोठा राहिला आहे, आणि त्यामागे घरसंसार सांभाळून महिन्यातून चार-सहा दिवस करता येण्यासारखे, प्रतिष्ठेचे काम, ही समजूत आहे, जी स्त्रियांनाही पटत आली आहे.

हे काम काय असते ते जवळून पाहिल्याशिवाय त्याच्या मोलाचा अंदाज येत नाही. आकाशवाणीच्या दिवसाचे तीन भाग असतात, त्यांना सभा म्हणतात. पहिली सभा पहाटे सहाच्या सुमारास संकेतधून आणि ‘वंदे मातरम्’ने उघडते. निवेदिकेला त्याआधी केंद्रात पोचून ड्यूटी रूममध्ये सही करावी लागते, त्या दिवसाची क्यू शीट, म्हणजे मिनिटामिनिटाच्या कार्यक्रमाचा तक्ता, ताब्यात घ्यावी लागते, फितींच्या काळात तर कपाटातून लागणाऱ्या ध्वनिमुद्रिका आणि फिती काढून क्रमाने लावाव्या लागत, आणि ऐनवेळी फीत सापडली नाही तर अडीच मिनिटांचे वाद्यसंगीत कोठे आहे हे अंधारातही हाताला सापडावे लागे. घड्याळ, फेडर, श्रोत्यांची पत्रे, बातम्यांसाठी दिल्ली किंवा मुंबईशी होणारी जोडणी, नोंदवहीतील प्रत्येक चुकीचा खुलासा, हे सारे तिच्याकडे. श्रोत्याला ऐकू येतात ती चार वाक्ये. रात्रीची शेवटची सभा अकरानंतर संपते, आणि नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून बाहेर पडून कोराडी, कामठी किंवा हिंगण्याकडे परतणाऱ्या बाईचा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. कोराडीच्या वीज केंद्रात रात्रपाळी अखंड चाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ६६ नुसार स्त्रियांना कारखान्यात रात्री काम देण्यास मनाई होती, म्हणून ती पाळी पुरुषांचीच राहिली. नभोवाणी केंद्र कारखान्यात मोडत नसल्यामुळे तेथे स्त्रीला रात्रीचे काम मिळू शकले, आणि कायद्याने एका ठिकाणी संरक्षणाच्या नावाखाली दार लावले तर दुसऱ्या ठिकाणी दार उघडे ठेवून संरक्षणाचा विचारच केला नाही. ज्या बाईला उशिराच्या सभा घेणे जमत नाही तिच्या पाळ्या आपोआप कमी होतात, पाळ्या कमी झाल्या की कमाई कमी होते, आणि दर मात्र सर्वांना सारखाच राहतो.

दूरदर्शन आले तेव्हा आवाजाबरोबर चेहऱ्याचाही हिशेब मांडला जाऊ लागला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथे मराठी बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत, ही हकीकत पुष्कळदा कौतुकाने सांगितली जाते. त्या हकीकतीत असेही दडले आहे की पडद्यावरच्या बाईसाठी साडी हा गणवेश होता, आणि सहकारी पुरुषाने काय नेसावे याविषयी अशी कोणतीही आख्यायिका तयार झाली नाही. कोराडीच्या जगदंबेच्या मूर्तीत सकाळी कन्या, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा अशी तीन रूपे दिसतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दूरचित्रवाणीने त्यांपैकी मधले तेवढे पत्करले. पुरुष निवेदकाचे पिकलेले केस अनुभवाची खूण ठरतात, बाईचे तसे ठरत नाहीत. तेव्हा मुंबईतच मुख्यालय असलेल्या एअर इंडियात हवाईसुंदरीने पस्तिसाव्या वर्षी, किंवा पहिल्या गरोदरपणी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास त्यावेळी, निवृत्त व्हावे असा नियम होता, आणि १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, चार वर्षांच्या लग्नबंदीला मात्र हात लावला नाही. तेथे नियम लिहिलेला होता म्हणून न्यायालयात नेता आला. दूरचित्रवाणीत तसा नियम नव्हता. पुढच्या तिमाहीच्या वेळापत्रकात नाव नसे, इतकेच.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न पेटला तो अनपेक्षित मार्गाने. नव्या सनदेच्या अटीनुसार जुलै २०१७ मध्ये बीबीसीला दीड लाख पौंडांहून अधिक मोबदला घेणाऱ्यांची यादी जाहीर करावी लागली, आणि त्यात सुमारे दोन तृतीयांश नावे पुरुषांची निघाली. चीनविषयक संपादक कॅरी ग्रेसी यांना आपल्या पुरुष सहकाऱ्यांपेक्षा बरेच कमी मिळते हे समजले तेव्हा त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये त्या पदाचा राजीनामा दिला. संस्थेने पुढे माफी मागून थकबाकी दिली, ती त्यांनी स्त्रियांच्या समान हक्कांसाठी काम करणाऱ्या फॉसेट सोसायटीला देऊन टाकली. समीरा अहमद यांना ‘न्यूजवॉच’च्या एका भागासाठी ४४० पौंड मिळत आणि जेरेमी व्हाइन यांना तशाच स्वरूपाच्या ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’साठी ३,००० पौंड मिळत, जानेवारी २०२० मध्ये कामगार न्यायाधिकरणाने समीरा अहमद यांच्या बाजूने एकमताने निकाल दिला. या दोन्ही प्रकरणांत स्त्रियांचा राग आधीपासून होताच, यादीने त्याला पत्ता दिला.

भारतात त्याच सुमारास जे बाहेर आले ते पगाराच्या यादीतून आले नाही. २०१८ च्या ‘मी टू’च्या लाटेत आकाशवाणीच्या निरनिराळ्या केंद्रांवरील नैमित्तिक निवेदिकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या, महाराष्ट्राच्या शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल केंद्रावर नऊ जणींनी तक्रार केली आणि त्यानंतर आपल्याला काम देणे बंद झाले, असे त्यांचे म्हणणे होते. कायम नोकरीतील कर्मचाऱ्याला काढायचे तर आरोपपत्र, चौकशी, आदेश यांतून जावे लागते. नैमित्तिक निवेदिकेला काढावेच लागत नाही, तिला पुढच्या महिन्यात बोलावले जात नाही आणि न बोलावण्याचे कारण देण्यास कोणी बांधील नसतो. २०१३ च्या कार्यस्थळावरील लैंगिक छळविरोधी कायद्यात रोजंदारीवरील व तात्पुरत्या कामावरील स्त्रियाही येतात, ही त्या मानाने मोठी प्रगती. पण तक्रारीनंतर पाळ्या घटल्या हे सिद्ध करण्यासाठी आधी कोणाला किती पाळ्या मिळाल्या याचा लेखी हिशेब हाताशी लागतो. खासगी एफएम वाहिन्या नागपुरात आल्या तेव्हा ‘आरजे’ म्हणून तरुण मुलींना संधी वाढली, तेथील मोबदला मात्र प्रत्येकीशी स्वतंत्रपणे ठरतो आणि तो गुप्त ठेवण्याची अट करारात असणे ही या धंद्यातील नेहमीची गोष्ट आहे.

समान मोबदला अधिनियमाखालील १९७६ च्या नियमांनी प्रत्येक मालकावर ‘नमुना डी’ या नावाची नोंदवही ठेवण्याचे बंधन घातले होते. २०१९ च्या वेतन संहितेने पुढे तो अधिनियमच सामावून घेतला. त्या नोंदवहीत कामाचा वर्ग, कामाचे थोडक्यात वर्णन, पुरुषांची संख्या, स्त्रियांची संख्या, मोबदल्याचा दर आणि त्यातील मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे असे घटक यांसाठी रकाने आखलेले होते. एखाद्या नभोवाणी केंद्राने ती नोंदवही अगदी प्रामाणिकपणे भरली असती, तर दराच्या रकान्यात स्त्री-पुरुषांसाठी एकच आकडा आला असता. महिन्यातून कोणाला किती वेळा बोलावले, पहाटेची सभा कोणाला दिली आणि कोणाचे नाव यादीतून गळले, यासाठी तिच्यात रकानाच नव्हता.